पानदानाचा खर्च : लखनौच्या ड्योढ्या आणि विभक्त संसार

अवधच्या प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांत लग्न ठरताना मेहराच्या बोलण्यांबरोबर आणखी एका रकमेची बोलणी होत असत. तिला ‘खर्च-ए-पानदान’ म्हणत. शब्दशः अर्थ घेतला तर पान, सुपारी, कात, चुना, वेलदोडे यांचा खर्च. प्रत्यक्षात ती स्त्रीच्या हातात स्वतंत्रपणे पडणारी, ज्याचा हिशेब तिने कोणाला द्यायचा नाही अशी नेमणूक असे. पानदान ही वस्तूही तशीच होती. अब्दुल हलीम ‘शरर’ यांनी ‘गुज़िश्ता लखनऊ’त नवाबी लखनौच्या राहणीचे जे बारीक वर्णन केले आहे, त्यात पान आणि पानदान यांना मानाचे स्थान आहे, आणि जनान्यातले पानदान ज्या बेगमेचे, त्याची मालकीणही तीच. घर नवऱ्याचे, नोकर नवऱ्याचे, अंगावरच्या दागिन्यांवरही सासरची नजर. अशा संसारात एक पितळी किंवा चांदीची पेटी तेवढी निःसंशय आपली, ही गोष्ट लहान नव्हती.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘चोळीबांगडीचा खर्च’ हा शब्द आपल्या दप्तरांत आहे, आणि चोळीबांगडीसाठी जमीन किंवा गाव तोडून दिल्याचे दाखलेही आहेत. होळकरांच्या घरी तर या कल्पनेला एका संस्थेचे रूप आले. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून त्यांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावे जी ‘खासगी’ जहागीर लावून देण्यात आली, तिचे वार्षिक उत्पन्न २,९९,०१० रुपये होते, आणि ती दौलतीच्या हिशेबात मिसळायची नाही असा दंडक पुढे पाळला गेला. अहिल्याबाईंच्या घाटांची आणि देवळांची कीर्ती गाताना या हिशेबी पायाकडे सहसा लक्ष जात नाही. नवरा थोर होता म्हणून पत्नीला मान मिळाला, हे खरे. पण तिची पेटी निराळी होती म्हणून तिला आपल्या इच्छेने खर्च करता आला, हेही तितकेच खरे.

संसार सुरळीत असेपर्यंत अशी नेमणूक ही केवळ हौस असते. तिचा खरा कस लागतो तो पतिपत्नींचे बिनसल्यावर. दोघांनी एकमेकांपासून दूर राहावयाचे, परंतु विवाह तर मोडलेला नाही, किंवा मोडूनही मुलेबाळे आणि मानमरातब यांचे धागे तुटलेले नाहीत. अशा वेळी कोणाचा उंबरठा कुठे संपतो, हे ठरवावे लागते. लखनौच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार आणि मोठ्या ठळकपणे उभा राहिलेला दिसतो. कारण तेथे बेगमांचे संसार मुळातच निरनिराळे असत. एकेका बेगमेची ‘ड्योढी’ असे. मराठीत ‘देवडी’ म्हटले की वाड्याच्या दरवाजातली पहारेकऱ्यांची ओटी डोळ्यांपुढे येते. लखनौत त्याच शब्दाचा अर्थ वाढत वाढत दरवाजामागच्या सगळ्या बिऱ्हाडापर्यंत गेला. ड्योढी म्हणजे बेगमेचा वाडा, तिचे ख्वाजासरा, दासी, मुन्शी, स्वयंपाकघर, मोहरमची मजलिस आणि तिचे देणेकरीसुद्धा. नवरा तेथे येई तो एका अर्थाने पाहुणा म्हणून. पण दाराशी पहारा जरी बेगमेचा असला तरी पहारेकऱ्याचा पगार बादशहाच्या खजिन्यातून येत असे, ही या व्यवस्थेतली मेख.

ती मेख एका विलक्षण कागदाने काढून टाकली. १८२४ साली पहिले ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीला पैशाची चणचण भासू लागली. १८२५ मध्ये अवधचा बादशहा गाज़ीउद्दीन हैदर याने कंपनीला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. कर्ज कायमचे, मुद्दल परत करावयाचे नाही, फक्त शेकडा पाच दराने व्याज द्यायचे, आणि तेही बादशहाला नव्हे, तर त्याने नेमून दिलेल्या व्यक्तींना. त्या यादीत त्याच्या चार बेगमा आहेत : मुबारक महल दरमहा १०,००० रुपये, सुलतान मरियम बेगम २,५००, मुमताज़ महल १,१०० आणि सरफ़राज़ महल १,०००. वज़ीर आग़ा मीर याचे नावही, अर्थात बरीच मोठी रक्कम लावून, तेथे आहे. नेमणूकदाराच्या मृत्यूनंतर एक तृतीयांश रक्कम त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जावी आणि उरलेली नजफ व करबला येथील मुजतहिदांकडे, अशी तरतूद केलेली आहे. इतिहासकारांनी या कराराचा अभ्यास मुख्यतः इराकमधील शिया धर्मपीठांकडे वाहणारा पैशाचा ओघ म्हणून केला. ते योग्यच आहे. परंतु त्यातील एक कलम गृहस्थीच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ज्यांना या व्याजातून नेमणूक मिळते त्यांच्या अब्रूचे आणि त्यांच्या घरांचे व बागांचे, मग ती बादशहाने दिलेली असोत की त्यांनी स्वतः विकत घेतलेली वा बांधलेली असोत, कंपनी सरकार अवधच्या राजापासून आणि शत्रूंपासून रक्षण करील; आणि त्या व्यक्ती कोणत्याही शहरात वा मुलखात राहत असल्या तरी त्यांची नेमणूक तेथे पोचती केली जाईल, असा त्याचा आशय आहे.

नवऱ्याने बायकोला दिलेल्या या हमीपत्रात ‘राजापासून रक्षण’ हे शब्द यावेत, यातच सारे आले. राजा म्हणजे उद्याचा वारस, सावत्र मुलगा, असा अर्थ प्रथम मनात येतो आणि गाज़ीउद्दीनच्या मनातही तोच असावा. पण कलमाचे शब्द राजाला, मग तो कोणीही असो, लागू पडतात. आपल्या माघारी आपल्या बायकांच्या घरात शिरणारा हात कोणता असेल याची बादशहाला पक्की कल्पना होती. त्या हाताला अडवण्यासाठी परक्या सत्तेला त्याने दारात उभे केले. ज्या कंपनीने पुढे एकतीस वर्षांच्या आत हे राज्यच घशात घातले तिच्याच व्याजावर बेगमांचे स्वातंत्र्य उभे राहावे, हा योग इतिहासात विरळा नसला तरी बोचणारा आहे.

हमी नसलेल्या स्त्रीचे काय होत असे, याचे उदाहरण त्याच घरात होते. गाज़ीउद्दीनची पट्टराणी बादशाह बेगम हिचे नाव त्या चौघींत नाही. ती मानी, कर्मठ आणि तापट होती. आग़ा मीरशी तिचे वैर; त्यातून नवऱ्याशी बेबनाव. सावत्र मुलगा नासिरुद्दीन हैदर याला तिने पोटाशी धरून वाढवले आणि बापाविरुद्ध त्याची बाजू घेतली. १८२७ मध्ये तो गादीवर आल्यावर मात्र त्याचेही तिच्याशी फाटले आणि तिला राजवाड्यातून निघावे लागले. शहराबाहेर अलमास बागेत तिचे बिऱ्हाड पडले. ७ जुलै १८३७ च्या रात्री नासिरुद्दीन मरण पावला, तेव्हा ही बाई सशस्त्र माणसांनिशी अलमास बागेतून निघाली, राजवाड्याचा दरवाजा हत्तीकडून फोडवून घेतला आणि मुन्ना जान या आपण नातू मानलेल्या मुलाला लाल बारादरीत तख्तावर बसविले. रेसिडेंट कर्नल लो याने तोफा लावल्या. पहाटेपर्यंत सगळे आटोपले होते. तिची आणि मुलाची रवानगी पुढे चुनारच्या किल्ल्यात झाली. या प्रसंगाकडे गादीचे कारस्थान म्हणून पाहतात. तसे ते होतेच. तरीही बाहेर काढलेल्या स्त्रीने आपलेच घर फोडून आत शिरावे, यामागे दहा वर्षांचा कोंडमारा होता, हे विसरून चालणार नाही. तिच्याजवळ माणसे होती, धर्मनिष्ठेचा दरारा होता; कोणाच्याही मर्जीवाचून चालेल असा कागद तेवढा नव्हता.

वाजिद अली शाहच्या काळात हे सगळे प्रश्न एकाच वेळी वर आले. त्याच्या ज़नान्याविषयी इंग्रज लेखकांनी जे चवीने लिहिले ते बाजूला ठेवावे. शिया कायद्यातील निकाह आणि मुता यांमधला भेद मात्र येथे ध्यानात घेतला पाहिजे. निकाहाच्या पत्नीला मेहर, पोटगी आणि वारसा आहे. मुता हा मुदतीचा विवाह. त्यात तलाकची गरज नाही, नवऱ्याने उरलेली मुदत सोडून दिली की संबंध संपला, आणि करारात लिहिले नसेल तर पोटगीही नाही. हज़रत महल ही परीखान्यातून आलेली, मुताची पत्नी. मुलगा झाल्यावर तिला ‘महल’ हा किताब मिळाला; परंतु १८५० च्या सुमारास बादशहाने ज्या काही बेगमांना दूर केले त्यांत तीही होती, असे इतिहासकार सांगतात. मानेवर सापाच्या वेटोळ्यासारखी केसांची खूण असलेल्या स्त्रिया धन्याला अपशकुनी, अशी समजूत त्यामागे असल्याची हकीगत रेसिडेंट स्लीमनने नोंदविली आहे. कारण काहीही असो. १३ मार्च १८५६ रोजी पदच्युत बादशहा कलकत्त्याला जाण्यासाठी लखनौ सोडून निघाला, तेव्हा खास महलसारख्या निकाहाच्या बेगमा आणि इतर काही त्याच्याबरोबर गेल्या आणि हज़रत महल मागे राहिली.

मागे राहणे ही शिक्षा होती. ती तिची मोकळीक ठरली. १८५७ च्या जूनमध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहला फोर्ट विल्यममध्ये अडकवले. लखनौतील बंडवाल्यांना गादीवर बसवायला एखादा शहज़ादा हवा होता. पतीच्या जिवाला धोका होईल या भीतीने इतर बेगमा मागे सरल्या. जिला बादशहाने आधीच सोडले होते तिच्यावर ही भीती त्याच प्रमाणात बंधनकारक नव्हती, हे उघड आहे. जुलैच्या आरंभी तिचा बारा वर्षांचा मुलगा बिरजिस क़द्र गादीवर बसला आणि कारभार तिने हाती घेतला. १८५८ च्या अखेरीस राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याला तिने जे सडेतोड उत्तर दिले ते प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी देऊ केलेली नेमणूक तिने घेतली नाही. १८७९ मध्ये काठमांडूत ती मरण पावली. राष्ट्रीय इतिहासाने तिला वीरांगना म्हणून स्वीकारले, पण परित्यक्ता म्हणून तिचा विचार क्वचितच केला. जणू दुसरी गोष्ट पहिलीला कमीपणा आणते. वस्तुतः दुसरीवाचून पहिली नीट उलगडत नाही.

इकडे मटियाबुर्जला बादशहाने दुसरे लखनौ वसविले. लखनौत राहिलेल्या बेगमांशी त्याचा पत्रव्यवहार चाले, आणि त्यातली काही पत्रे संग्रहरूपाने टिकली; ‘तारीख-ए-मुमताज़’ हा त्यांतला नामांकित संग्रह. अनुप्रासांनी नटलेल्या त्या पत्रांत विरह, प्रकृती, कारावासातील हाल यांची रेलचेल आहे. ही प्रेमपत्रे आहेत असे म्हणून समीक्षक समाधान पावतात. परंतु पत्र हेच अशा संसाराचे दार असते. ते कधी उघडायचे आणि कधी लावून घ्यायचे हे पाठविणाऱ्याइतकेच उत्तर देणारीच्याही हातात असते. मटियाबुर्जमध्ये जेथे नवरा दोन भिंतींपलीकडे होता, तेथे पत्राऐवजी अर्ज लिहिले गेले. बारा लाखांच्या वार्षिक तनख्यातून बेगमांना किती द्यायचे, दूर केलेल्या मुताच्या स्त्रियांचे पोट कोणी भरायचे, यावरून बादशहा आणि सरकारी एजंट यांच्यात वर्षानुवर्षे खटके उडाले. बालपणाची काही वर्षे मटियाबुर्जमध्ये काढलेल्या शररांच्या लेखणीत त्या वस्तीचे वैभव आहे. ही भांडणे त्यांनी फारशी दाखविली नाहीत. त्यांना मावळत्या संस्कृतीचे चित्र काढायचे होते, घरखर्चाचे नव्हे.

राजघराण्याबाहेरच्या स्त्रीला कंपनीचे व्याज कोठून मिळणार? तिचे शस्त्र मेहर. अवधमध्ये मेहराचे आकडे नवऱ्याच्या ऐपतीबाहेर फुगविण्याची रीत होती. ती रक्कम मिळावी अशी अपेक्षा नसे, तिच्या भीतीने नवऱ्याने सोडचिठ्ठी देऊ नये एवढाच हेतू. इंग्रजी न्यायालयांना हा सांकेतिक व्यवहार पटेना. १८७६ च्या अवध कायद्याने मेहराचा आकडा कराराप्रमाणे न मानता नवऱ्याची ऐपत आणि पत्नीचा दर्जा पाहून वाजवी रक्कम ठरविण्यास न्यायाधीशाला सांगितले. वाजवीपणाच्या नावाखाली एक जुना अडसर ढिला झाला. पानदानाचा खर्च मात्र मेहरात मोडत नव्हता, म्हणून तो या कात्रीतून सुटला.

त्याची कसोटी लागली ती १९१० मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे. ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा तो खटला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो करारातील तिऱ्हाईताच्या हक्कासंबंधी माहीत असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा. ऑक्टोबर १८७७ मध्ये वराच्या बापाने होणाऱ्या सुनेला दरमहा ५०० रुपये पानदानाचा खर्च कायमचा लिहून दिला आणि त्यासाठी काही मिळकत तारण लावली. वधूवर दोघेही अज्ञान होते. १८८३ मध्ये मुलगी सासरी आली, तेरा वर्षे नांदली, आणि १८९६ मध्ये बेबनाव होऊन नवऱ्याचे घर सोडून निघून गेली. थकलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याचे म्हणणे दोन प्रकारचे : करार झाला तो दोन बापांमध्ये, ती त्यात पक्षकार नाही, आणि नवऱ्याजवळ राहायचे नाकारल्याने तिने हक्क गमावला. खालच्या न्यायालयाने तिचा दावा फेटाळला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय कायम ठेवला. निकालपत्र न्यायमूर्ती अमीर अलींचे आहे. ज्या समाजात अज्ञान मुलांची लग्ने आईबाप ठरवितात तेथे मुलगी करारात पक्षकार नव्हती म्हणून तिला परत पाठविणे हा अन्याय होईल, असे त्यांनी म्हटले. आणि पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा : इंग्लंडातील पिन-मनीवर नवऱ्याचा काही ताबा असतो, ती पत्नीने संसारात असताना त्याच्या इतमामासाठी खर्चावयाची असते, पानदानाच्या खर्चावर असे बंधन नाही. नवऱ्याच्या घरी राहीपर्यंतच द्यावा अशी अट दस्तऐवजात नाही, तेव्हा ती न्यायालय घालू शकत नाही.

निकालाची भाषा कोरडी आहे. तिच्यातून उभे राहणारे चित्र मात्र कोणत्याही कादंबरीच्या तोडीचे आहे. ज्या घरातून ती निघाली त्याच घराच्या मिळकतीतून दरमहा तिचे पान पोचते होणार. नवऱ्याला तिच्या दारात यायचा अधिकार सांगता येतो. पण तिचे दार कशावर उभे आहे ते काढून घेता येत नाही.

याच्या पंचवीस वर्षे आधी मुंबईत रखमाबाईंना असा आधार नव्हता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा अथवा तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि १८८८ मध्ये २,००० रुपये नवऱ्याला देऊन ते प्रकरण मिटले. हैदराबाद-लखनौच्या नवाबी घरांना मागास म्हणणाऱ्या मुंबईच्या सुधारकांनी हे दोन खटले शेजारी ठेवून पाहायला हवे होते. एकीकडे स्त्रीला दरमहा पैसे मिळतात, दुसरीकडे स्त्रीला आपल्या सुटकेसाठी पैसे भरावे लागतात.

मराठीत या विषयाचे सर्वांत सखोल लेखन न्यायालयात गेलेच नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित पतीला, पत्नी धर्मबदलाच्या कारणावरून नांदायला येत नसेल तर, न्यायालयात जाऊन अखेरीस विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळकांनी ती चोखाळली नाही. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्या गावात येऊन राहू लागल्या त्या स्वतंत्र चूल आणि आपले सोवळे सांभाळून. ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) हा सगळा भाग त्यांनी ज्या खेळकरपणे सांगितला आहे, त्याने वाचक हसतो आणि त्या मांडणीतील कणखरपणा त्याच्या नजरेतून निसटतो. नवऱ्यावर माया आहे, त्याच्या हातचे पाणी चालत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या, आणि दोहोंपैकी कोणतीही दुसरीसाठी सोडायला त्या तयार नाहीत. ती रेषा पुढे त्यांनीच पुसली, राहुरीला, स्वतः विचार करून. लखनौच्या बेगमेची सीमा पैशाने आखलेली, नाशिककडच्या या ब्राह्मण स्त्रीची पाण्याने. पैसा नसलेल्या स्त्रीला शुचिर्भूतपणा तेवढाच आपल्या मालकीचा वाटला असेल, तर नवल नाही.

लखनौच्या स्त्रीने स्वतः लिहिलेले असे पुस्तक त्या काळातले नाही. १९३२ मध्ये लखनौत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी जप्त झालेल्या ‘अंगारे’ या संग्रहात डॉ. रशीद जहाँ यांची ‘पर्दे के पीछे’ ही छोटी नाटिका आहे. सततच्या बाळंतपणांनी खंगलेली बाई, सवत येण्याची धास्ती, आणि ऐकणारी दुसरी बाई. तेथे पडदा आहे. पण पडदा म्हणजे दार नव्हे. तो बाहेरच्यांसाठी लावलेला असतो, नवऱ्यासाठी नाही.

कायद्याने पुढे हळूहळू दार लावले. १९४६ च्या कायद्याने हिंदू विवाहितेला ठरावीक कारणांसाठी वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘सामायिक घर’ ही कल्पना आणली, आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे पत्नी घराच्या ज्या भागात राहते तेथे नवऱ्याने वा त्याच्या नातलगांनी पाऊल टाकू नये असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. एकाच छपराखाली ड्योढी आखण्याचाच हा प्रकार. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर काय, हा वाद मात्र पुन्हा उपटला. २००६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने अशा घरावर सुनेचा हक्क नाकारला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो निर्णय चुकीचा ठरविला. एकशे दहा वर्षांपूर्वी सासऱ्याच्याच मिळकतीवर पानदानाचा बोजा टिकला होता, याची आठवण ठेवली असती तर मधल्या चौदा वर्षांत कित्येक सुनांचे सामान रस्त्यावर आले नसते.

१८२५ च्या त्या कर्जाचे आणि तशाच इतर ठेवींचे व्याज, ज्याला लखनौत ‘वसीका’ म्हणतात, अजूनही वाटले जाते. हुसैनाबादच्या चित्रशाळेच्या इमारतीत त्याचे कार्यालय आहे. पिढ्यांमागून पिढ्या वाटे पडत गेल्याने काहींच्या हिश्शाला दहा रुपयेसुद्धा येत नाहीत. ते न्यायला येण्यासाठी रिक्षाचे भाडे त्याहून अधिक पडते. तरीही लोक येतात, वहीत नाव शोधतात आणि सही करतात.